६६ वरून थेट १ : आर अँड बी चार्टवर नक्की मोजतात काय?

तबकडी_४५

ऑक्टोबर २०१२. रिहानाचं 'डायमंड्स' बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या आर अँड बी/हिप-हॉप यादीत ६६ व्या नंबरावर रखडलं होतं. (आर अँड बी म्हणजे रिदम अँड ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्या समाजातून आलेलं संगीत.) पुढच्या आठवड्याची यादी आली आणि बाई थेट पहिल्या! मधल्या सात दिवसांत ना गाणं बदललं ना ऐकणारे. बिलबोर्डने मोजायची पद्धत बदलली होती.

तोवर या यादीत वजन असायचं ते आर अँड बी आणि हिप-हॉप लावणाऱ्या रेडिओ स्टेशनांना. २० ऑक्टोबर २०१२ च्या यादीपासून ठरलं की सगळ्या प्रकारच्या स्टेशनांवर गाणं किती वाजलं ते धरायचं, शिवाय डाउनलोडची विक्री आणि स्ट्रीमिंगही. म्हणजे हॉट १०० (बिलबोर्डची सगळ्या प्रकारच्या गाण्यांची मुख्य यादी) चा जो हिशोब तोच इथे लावायचा आणि त्यातली आर अँड बी, रॅपची गाणी बाजूला काढून त्यांना नव्याने नंबर द्यायचे. जाता जाता यादीची लांबीही १०० वरून ५० वर आणली. 'डायमंड्स' पॉप स्टेशनांवर धो धो वाजत होतं, डाउनलोडही खपत होतं. झालं काम.

माझं म्हणणं असं की ही यादी संगीताचा एक प्रकार मोजते हा समज मुळातच चुकीचा आहे. ती जन्मापासून गिऱ्हाईक मोजत आलीय. २४ ऑक्टोबर १९४२ ला ती सुरू झाली 'हार्लेम हिट परेड' या नावाने, आणि पद्धत एवढीच की न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या मोजक्या रेकॉर्डच्या दुकानांना विचारायचं, बाबांनो, या आठवड्यात काय खपलं? पहिला नंबर वन अँडी कर्कचा, 'टेक इट अँड गिट'. आणि त्याच वर्षी याच यादीत तीन आठवडे पहिल्या नंबरावर कोण असावं? गोऱ्या बिंग क्रॉसबीचं 'व्हाइट ख्रिसमस'! यात रिदमही नाही आणि ब्लूजही नाही. पण हार्लेमच्या काळ्या गिऱ्हाइकाने डिसेंबरात ती रेकॉर्ड घेतली, म्हणून ती यादीत आली. यादीचं काम तेवढंच होतं आणि ते चोख होतं.

पुढे १९४५ मध्ये ज्यूकबॉक्सवर नाणी टाकून काय ऐकलं जातं त्याची यादी आली, नाव 'रेस रेकॉर्ड्स'. हे नाव कानाला खटकायला लागल्यावर बिलबोर्डमध्येच काम करणाऱ्या जेरी वेक्सलरने 'रिदम अँड ब्लूज' सुचवलं, ते २५ जून १९४९ पासून लागू झालं. मग १९६९ मध्ये 'सोल', १९८२ मध्ये 'ब्लॅक', १९९० मध्ये परत 'आर अँड बी', १९९९ च्या शेवटाला 'आर अँड बी/हिप-हॉप'. एवढी बारशी झाली, पण कुणाला विचारायचं हा प्रश्न दर खेपेला तोच. २०१२ मध्ये त्याचं उत्तर बदललं, आणि माझ्या मते वाईट बदललं.

तुम्हाला काय वाटतं?

नाठाळ

मला वाटतं तुम्ही उगाच काथ्याकूट करताय. जास्त लोकांनी ऐकलं ते पहिलं. यात अन्याय कुणावर झाला? रिहाना काय गोरी आहे का?

आकडेमोड

नाठाळ, रिहाना बाजूला ठेवा, पुढचं वर्ष बघा. २०१३ मध्ये मॅकलमोर अँड रायन लुइस या गोऱ्या जोडीचं 'थ्रिफ्ट शॉप' या यादीत १४ आठवडे पहिलं. मग रॉबिन थिकचं, तोही गोराच, 'ब्लर्ड लाइन्स' १६ आठवडे पहिलं. ३० आठवडे इथेच गेले. आणि 'ब्लर्ड लाइन्स'ने मोडला तो विक्रम कुणाचा? मेरी जे. ब्लाइजच्या 'बी विदाउट यू'चा. २००६ मध्ये ते गाणं १५ आठवडे पहिलं होतं आणि एकूण ७५ आठवडे यादीत होतं. हॉट १०० वर त्याची मजल तिसऱ्या नंबरापर्यंतच. म्हणजे काळ्या श्रोत्यांच्या स्टेशनांनी ते जवळजवळ दीड वर्ष डोक्यावर घेतलं आणि बाकी अमेरिकेला ते नुसतं बरं वाटलं. आजच्या मोजणीत हा फरक दिसायला जागाच नाही.

नगरसेवक वॉर्डाचा निवडायचा आणि मतदान अख्ख्या शहराचं घ्यायचं, असा प्रकार आहे हा.

नाठाळ

'ब्लर्ड लाइन्स'मध्ये फॅरेल विल्यम्स आणि टी.आय. दोघेही आहेत. दोघेही काळे. गाणं फॅरेलनेच केलंय. हे सोयीस्कर विसरलात.

आकडेमोड

विसरलो नाही. गायकाच्या कातडीचा मुद्दाच नाही इथे. तबकडीभाऊंचं 'व्हाइट ख्रिसमस' परत वाचा. गाणारा कुणीही असो, मत कुणाचं धरलं हे विचारतोय.

एडिसनकर

चांगला धागा. २०१२ वर एवढी चर्चा चाललीय म्हणून सांगतो, हे नाटक आधी एकदा होऊन गेलंय आणि तेव्हा तर यादीच बंद पाडली होती.

२३ नोव्हेंबर १९६३ ची आर अँड बी यादी. (केनेडींना गोळी घातली त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. संबंध काही नाही, पण तारीख पाहिली की आठवतंच.) पहिल्या नंबरावर जिमी गिल्मर अँड द फायरबॉल्सचं 'शुगर शॅक'. न्यू मेक्सिको-टेक्सासकडची गोरी पोरं, साधं कॉफी हाउसचं गाणं. त्याच वर्षी लेस्ली गोरचं 'इट्स माय पार्टी'सुद्धा याच यादीत तीन आठवडे पहिलं होतं. पुढच्या आठवड्यापासून बिलबोर्डने आर अँड बीची यादी छापणंच थांबवलं. सर्वसाधारण समज असा की पॉप आणि आर अँड बी या दोन याद्या इतक्या सारख्या दिसायला लागल्या होत्या की दुसरी छापायची कशाला, असं त्यांना वाटलं.

आता गंमत बघा. यादी नव्हती ते चौदा महिने कोणते? १९६४! मेरी वेल्सचं 'माय गाय', सुप्रीम्सचं 'व्हेअर डिड अवर लव्ह गो', 'बेबी लव्ह', ही सगळी हॉट १०० वर पहिली. मार्था अँड द व्हँडेलाजचं 'डान्सिंग इन द स्ट्रीट' दुसरं. ही गाणी काढणाऱ्या मोटाऊन कंपनीचा सोन्याचा काळ, आणि बिलबोर्डच्या आर अँड बीच्या वहीत त्या गाण्यांपुढे कोरी पानं! एरवी जोएल व्हिटबर्न यांनी बिलबोर्डच्या याद्यांतून आयुष्यभर आकडे वेचले, पण या चौदा महिन्यांसाठी त्यांनाही 'कॅश बॉक्स' या प्रतिस्पर्धी साप्ताहिकाकडून आकडे घ्यावे लागले. म्हणून 'बेबी लव्ह आर अँड बीमध्ये नंबर वन' असं कुठे वाचलंत तर तो नंबर बिलबोर्डचा नाही हे ध्यानात ठेवा.

३० जानेवारी १९६५ ला यादी परत आली. पहिल्या नंबरावर टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल', सहा आठवडे. हॉट १०० वरही ते पहिलं आलं, पण उशिरा, मार्चमध्ये, आणि एकच आठवडा. एवढ्या एका गाण्यावरून वेगळी यादी कशाला हवी ते कळतं.

पेठेतला

एडिसनकरकाका, प्रतिसाद एकदम माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. दुकानांना विचारायचं म्हणजे नक्की कसं? आपल्याकडे बिनाका गीतमालेतही दुकानातली विक्री आणि श्रोता संघांची पत्रं धरायचे, आणि त्यावरून घरोघरी वाद व्हायचे की अमुक गाणं पायदानावर मुद्दाम चढवलं. तिथेही तसंच का?

तबकडी_४५

तस्संच, आणि जास्त. दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दर आठवड्याला फोन यायचा किंवा छापील तक्ता भरून द्यायचा असायचा. त्याने काय मोजलं हे कोण बघतंय? रेकॉर्ड कंपनीचा माणूस येऊन पंचवीस रेकॉर्डी फुकट ठेवून जाणार आणि म्हणणार, आमचं गाणं जरा वर टाक. हा धंदा उघड गुपित होता. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आर अँड बी यादीतला पहिला नंबर एक-दोन आठवड्यांत बदलायचा. एवढ्या झपाट्याने अख्ख्या वस्तीची आवड बदलते यावर माझा तरी विश्वास नाही. कंपन्या आळीपाळीने आपापलं गाणं वर सरकवत होत्या.

डिसेंबर १९९२ मध्ये या यादीला बारकोडवाली मोजणी लागली. दुकानात वस्तू खरोखर विकली की यंत्रात नोंद, आणि रेडिओवर गाणं वाजलं की दुसऱ्या यंत्रात नोंद. त्याच सुमाराला व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' आलं आणि ११ आठवडे हललं नाही.

मधुमालती

ज्यूकबॉक्सचा उल्लेख झालाय तर लुइस जॉर्डनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही कुणाला. १९४२ ते १९५० या काळात त्याची १८ गाणी आर अँड बीच्या पहिल्या नंबरावर, एकूण ११३ आठवडे. 'चू चू च'बूगी' एकटं १८ आठवडे, १९४६ मध्ये. दोन वर्षांहून जास्त काळ एकच माणूस शिखरावर! त्यालाही गोऱ्या गिऱ्हाइकाने घेतलंच, पण तो वाढला ज्यूकबॉक्सवर. खानावळीत, दारूच्या गुत्त्यात यंत्र ठेवलेलं, नाणं टाका आणि ऐका. ज्याला घरी ग्रामोफोन परवडत नव्हता त्याचं मत या नाण्यातून मोजलं गेलं. दुकानाच्या विक्रीत हा माणूस दिसलाच नसता.

आणि पन्नाशीतली दुसरी बाजू. फॅट्स डॉमिनोचं 'एन्ट दॅट अ शेम', १९५५. आर अँड बीत ११ आठवडे पहिलं, पॉप यादीत दहावं. पॅट बूनने तेच गाणं गायलं ते पॉप यादीत पहिलं. एकाच गाण्याचे दोन निकाल, कारण गोऱ्या स्टेशनांवर बूनची रेकॉर्ड लागायची. पुढच्या वर्षी एल्व्हिसचं 'हाउंड डॉग' आणि 'डोन्ट बी क्रूअल' पॉप, कंट्री आणि आर अँड बी तिन्ही याद्यांत पहिलं. मूळ 'हाउंड डॉग' बिग मामा थॉर्नटनचं, १९५३ मध्ये आर अँड बीत सात आठवडे पहिलं. तिचं नाव पॉपच्या यादीत शोधून दाखवा.

म्हणजे नाठाळ, सगळ्यांची एकच यादी असती तर थॉर्नटनबाई तुमच्या लोकशाहीत दिसल्याच नसत्या.

नाठाळ

मधुमालतीताई, हा मुद्दा पटला. पण तो १९५३ चा आहे. तेव्हा स्टेशनं वेगळी, दुकानं वेगळी, वस्त्या वेगळ्या. आज सगळ्यांच्या खिशात तोच फोन आणि तेच ॲप. ऐकणाऱ्याची कातडी ॲपला कळत नाही. मग 'वस्तीचं मत' मोजणार कसं? जुनी दुकानं तर बंद पडली. २०१२ आधीची यादी जवळजवळ नुसत्या रेडिओवर चालत होती, म्हणजे श्रोत्यांचं मत नाहीच, स्टेशनच्या माणसाचं. ते तुम्हाला शुद्ध वाटतं?

आकडेमोड

हा प्रश्न मात्र रास्त आहे. जुनी पद्धत मरायला टेकली होती हे खरंच. नव्वदीत या यादीसाठी खास आर अँड बीचं गिऱ्हाईक असलेल्या दुकानांचा वेगळा गट धरायचे. ती दुकानं गेली, सिंगलची, म्हणजे एकेका गाण्याची, सीडीही गेली आणि डाउनलोड तर २०१२ पर्यंत धरलेच नव्हते. बदल हवाच होता. पण स्टेशनांचा वेगळा गट तरी ठेवायचा की! बिलबोर्डने आर अँड बी/हिप-हॉपच्या रेडिओची वेगळी यादी चालू ठेवलीय, पण ती पाहतो कोण? मुख्य नाव आणि मुख्य इतिहास दुसऱ्या यादीला देऊन टाकला.

कोकणकन्या

अवांतर होईल पण राहवत नाही. या यादीत आपल्या लताबाई दुसऱ्या नंबरापर्यंत गेल्या होत्या हे किती जणांना माहीत आहे?

२००२, ट्रुथ हर्ट्सचं 'ॲडिक्टिव्ह', सोबत रॅपर रकीम. निर्माता डीजे क्विक. गाणं सुरू झाल्यापासून मागे जो आवाज फिरत राहतो तो 'थोडा रेशम लगता है', चित्रपट 'ज्योति', १९८१, संगीत बप्पी लाहिरी. आर अँड बी/हिप-हॉप यादीत दुसरं, हॉट १०० वर नववं. आवाज नुसता चवीपुरता नाही हो, अख्खं गाणं त्याच्यावर उभं आहे. ढोलकीसकट. परवानगी कुणाची घेतली? कुणाची नाही. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २००३ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने आदेश दिला की लाहिरींचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकायचा नाही.

चार्टवर नावं मात्र ट्रुथ हर्ट्स आणि रकीम. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या लताबाईंच्या खात्यावर काहीच नाही. पण हार्लेमपासून डेट्रॉइटपर्यंत गाड्यांतून तो आवाज त्या उन्हाळ्यात घुमला असणारच.

पेठेतला

अरे वा! हे माहीत नव्हतं. आत्ता ऐकलं. लताबाईंचा आवाज आणि खाली तो धडाडता बेस... घरातल्यांनी विचारलं हे काय लावलंयस.

कुहू

सगळे सिंगल्सवरच बोलताय. अल्बमचं काय? मी तर आर अँड बी अल्बम म्हणूनच ऐकते.

तबकडी_४५

कुहू, बरं झालं विचारलंस. अल्बमची आर अँड बी यादी मुळात सुरूच झाली १९६५ मध्ये, सिंगल्सची यादी परत आली तेव्हा. बावीस वर्षं कुणाला गरजच वाटली नव्हती. कंपन्यांचा ठाम समज की काळं गिऱ्हाईक सिंगल घेतं, अल्बमला पैसे टाकत नाही. अल्बम म्हणजे दोन हिट गाणी आणि दहा भरताड.

हा समज मोडला गायक आयझॅक हेजने, आणि तोही जवळजवळ अपघाताने. १९६८ मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीची अटलांटिकशी फारकत झाली आणि करारातल्या बारीक अक्षरांमुळे तिच्या जुन्या सगळ्या रेकॉर्डी अटलांटिककडे गेल्या. हातात माल शून्य. स्टॅक्सच्या अल बेलने ठरवलं, एका दमात २७ अल्बम काढायचे. त्या ढिगात एक हेजचा, 'हॉट बटर्ड सोल'. चारच गाणी. 'वॉक ऑन बाय' बारा मिनिटांचं, 'बाय द टाइम आय गेट टू फिनिक्स' अठरा मिनिटांहून जास्त, त्यात सुरुवातीला कितीतरी वेळ माणूस नुसता बोलतोय! हे रेडिओवर लागणार कसं? नाहीच लागलं. सिंगलसाठी कापून काढलं तर तेही मध्यम चाललं. आणि अल्बम? सोलच्या अल्बम यादीत पहिला, जॅझच्या यादीत पहिला, पॉपमध्ये आठवा. लोक चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं घ्यायला तयार होते, आजवर कुणी तसं दिलंच नव्हतं.

मग सत्तरीत रांगच लागली. स्टीव्ही वंडरचा 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' १९७६ मध्ये पॉपच्या यादीत पहिल्याच आठवड्यात पहिला, आर अँड बीत २० आठवडे. १९८१ मध्ये रिक जेम्सचा 'स्ट्रीट साँग्ज', तोही २०. आणि मग 'थ्रिलर', पॉपमध्ये ३७ आठवडे आणि आर अँड बीतही ३७.

एडिसनकर

यात एक भर. विक्रीचे जुने आकडे वाचताना जपून. गोल्ड, प्लॅटिनम हे शिक्के आरआयएए ही संस्था देते, पण त्यासाठी कंपनीने हिशोब तपासू द्यावा लागतो. मोटाऊनने सत्तरीच्या उत्तरार्धापर्यंत तो तपासूच दिला नाही. त्यामुळे सुप्रीम्सची एवढी नंबर वन गाणी, पण त्या काळात अधिकृत गोल्ड नाही. आणि पहिलं प्लॅटिनम सिंगल कुणाचं? जॉनी टेलरचं 'डिस्को लेडी', १९७६, तेव्हा निकष २० लाख प्रतींचा होता. मोटाऊनच्या भिंतीवर शिक्के नाहीत म्हणून माल खपला नाही असं समजू नका.

कुहू

धन्यवाद काका, आणि तबकडीदादा. 'हॉट बटर्ड सोल' लावलाय.

मग आताचे आकडे तर आणखीच घोळाचे आहेत. अशरचा 'कन्फेशन्स' २००४ मध्ये पहिल्या आठवड्यात सुमारे ११ लाख खपला. त्या खऱ्या सीड्या, माणसाने दुकानात जाऊन घेतलेल्या. सिझाचा 'एसओएस' डिसेंबर २०२२ ला आला, पहिल्या आठवड्यात ३ लाख १८ हजार 'युनिट'. त्यातली जवळजवळ सगळी स्ट्रीमिंगची, चाळीस कोटींवर स्ट्रीम्सचं रूपांतर करून काढलेली. या दोघांची तुलना करणार कशी?

आकडेमोड

करूच नये. रूपांतराचा दर हा ठरवून घेतलेला आकडा आहे. २०१४ च्या डिसेंबरात स्ट्रीमिंग धरायला सुरुवात केली तेव्हा १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम. जुलै २०१८ मध्ये ठरलं की पैसे भरणाऱ्याचे १२५० आणि जाहिराती ऐकणाऱ्याचे ३७५० म्हणजे एक. बघा, इथे परत आलोच आपण मूळ मुद्द्यावर. त्या नियमात फुकट ऐकणाऱ्याचं मत पैसेवाल्याच्या एक तृतीयांश! मधुमालतीताईंच्या ज्यूकबॉक्सवाल्याला १९४५ मध्ये बिलबोर्डने वेगळी यादी दिली होती. २०१८ च्या नियमात त्याच माणसाला तीनदा ऐकावं लागायचं तेव्हा एक धरायचे.

नाठाळ

हे मात्र झकास पकडलंत. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण एक सांगतो. याच सिझाचं 'किल बिल' २०२३ मध्ये तुमच्या त्या 'बिघडलेल्या' यादीत २१ आठवडे पहिलं होतं, 'ओल्ड टाउन रोड'चा २० आठवड्यांचा विक्रम मोडून. काळी गायिका, आर अँड बीचं गाणं, नव्या पद्धतीने. मग पद्धत एवढी वाईट कशी?

मधुमालती

हॉट १०० वर ते एकच आठवडा पहिलं होतं ना? मग बाकीचे वीस आठवडे तिच्यासमोर आर अँड बीतलं मोठं दुसरं कुणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. हॉट १०० मधून गाळून काढलेल्या यादीत असंच होणार. जो वर तो वरच राहणार, खालच्याला संधीच नाही. गाणं मलाही आवडतं, पण २१ आठवड्यांचं कौतुक मला मेरी जे.च्या १५ पेक्षा कमीच.

नाठाळ

आता तुम्ही माप सोडून चवीवर आलात ताई.

मधुमालती

आले तर आले.

पेठेतला

मंडळी, भांडण चालू द्या, पण मला सांगा, आज नुसतं आर अँड बी बघायचं तर कुठली यादी बघू? रॅप नको आहे मला.

तबकडी_४५

'हॉट आर अँड बी साँग्ज' म्हणून वेगळी आहे, २०१२ च्या बदलातच सुरू केली, २५ गाण्यांची, रॅप वगळून. तिचाही हिशोब हॉट १०० चाच आहे. त्यामुळे शेजारी रेडिओची आर अँड बी/हिप-हॉप यादी उघडून ठेवा. एखादं गाणं रेडिओच्या यादीत पाचात आहे आणि मुख्य यादीत तिसाच्या खाली, असं दिसलं की ते आधी ऐका. मी गेली काही वर्षं नवीन गाणी अशीच शोधतोय.

पेठेतला

हे बेष्ट. रविवारी बसतो.